मूळ प्रत शेजारी ठेवली म्हणजे झाले का?

गणिताच्या उत्तरपत्रिकेत नुसते उत्तर बरोबर आले म्हणून आपण पूर्ण गुण देत नाही. रीत दाखवावी लागते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ संगणकाच्या आज्ञावलीकडे हीच मागणी करते. आज्ञावली चालते एवढे पुरेसे नाही. माणसाने ती ज्या रूपात लिहिली ते रूप, म्हणजे तिचा सोर्स कोड, वापरणाऱ्याच्या हाती आला पाहिजे. तो वाचता यावा, त्यात बदल करता यावा आणि बदललेली आज्ञावली पुन्हा तयार करता यावी. या मागणीची एक कठीण परीक्षा जावास्क्रिप्ट भाषेतील ‘मिनिफाइड’, म्हणजे आक्रसलेल्या, आज्ञावलींनी घेतली आहे. या परीक्षेत मुक्त सॉफ्टवेअरचे वितरण करणाऱ्या संस्थांचा नियम उत्तम ठरतो; पण तो पाळण्याची एक रूढ पद्धत सदोष आहे, असे माझे मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडत आहे.

हा विषय शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र शिकवताना आपल्यापैकी अनेकजण ‘फेट’ची सिम्युलेशन्स वापरतात. २००१ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातील अनेक सिम्युलेशन्स मराठीतही उपलब्ध आहेत. ब्राउझरमध्ये चालणारे असे सिम्युलेशन जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असते. त्याची फाइल एखाद्या साध्या एडिटरमध्ये उघडून पाहावी. अर्थ न लागणाऱ्या, एक-दोन अक्षरी नावांनी भरलेल्या लांबच लांब ओळी दिसतात. फेटने आपला मूळ सोर्स कोड वेगळा खुला ठेवला आहे, त्यामुळे जिज्ञासू शिक्षकाला तेथे जाऊन पाहता येते. पण सर्वचजण तसे करत नाहीत. ज्या प्रारूपावर आपण विद्यार्थ्यांना विश्वास ठेवायला सांगतो ते तपासता येते की नाही, हा विज्ञान शिकवणाऱ्याचाच प्रश्न आहे.

आक्रसणे म्हणजे काय?

समजा, साध्या लंबकाचा आवर्तकाल काढणारी एक छोटी आज्ञावली आपण लिहिली. मराठीत मांडायची तर ती अशी दिसेल:

टीप: हे सूत्र लहान कोनांसाठीच वापरावे.
आवर्तकाल (लांबी, गुरुत्वत्वरण) = २ × ३.१४१५९ × वर्गमूळ (लांबी ÷ गुरुत्वत्वरण)

मिनिफायर नावाचे साधन तिच्यावरून फिरवले, की साधारण असे काही उरते:

क(ख,ग)=६.२८३१८×√(ख÷ग)

संगणकाला दोन्ही सारखेच. माणसाच्या दृष्टीने मात्र तीन गोष्टी गेल्या. नावे गेली, त्यामुळे ‘ख’ म्हणजे लांबी हे ओळखावे लागते. २ आणि पाय यांचा गुणाकार आधीच उरकल्यामुळे ६.२८३१८ हा आकडा कोठून आला तेही ओळखावे लागते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: टीप गेली. लंबक ६० अंशांपर्यंत खेचून सोडला, तर त्याचा खरा आवर्तकाल या सूत्राने येणाऱ्या उत्तरापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त असतो. सूत्राची मर्यादा सांगणारे एकमेव वाक्य मिनिफायरच्या लेखी निरुपयोगी असते, कारण त्याचा गणनेत उपयोग नाही.

हे करतात ते जागा वाचवण्यासाठी. जावास्क्रिप्टची आज्ञावली पानाबरोबर जाळ्यावरून वाहून न्यावी लागते, म्हणून तिचे वजन कमी असलेले बरे. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘जेक्वेरी’ हे साधन उदाहरणादाखल घेऊ. त्याच्या ३.७.१ या आवृत्तीची वाचनीय फाइल सुमारे २८५ किलोबाइट भरते. आक्रसल्यावर ती सुमारे ८७ किलोबाइट होते आणि पाठवताना जीझिप पद्धतीने दाबली की सुमारे ३० किलोबाइट. बचत खरी आहे. त्यासाठी याहूने २००७ मध्ये आणि गूगलने २००९ मध्ये आपापली साधने खुली केली. पुढे लोकप्रिय झालेल्या एका साधनाचे तर नावच ‘अग्लिफाय’, म्हणजे ‘कुरूप कर’, असे आहे. नावातला प्रामाणिकपणा वाखाणण्याजोगा आहे.

आक्रसण्यात गैर काही नाही. गैर होते ते आक्रसलेले रूप हेच मूळ म्हणून पुढे केले जाते तेव्हा.

नियम काय सांगतो?

सामान्य वापरकर्ता लिनक्सवर एकेक आज्ञावली स्वतः जमवत नाही. डेबियन, फेडोरा यांसारख्या संस्था हजारो आज्ञावली गोळा करतात, त्या सोर्स कोडपासून स्वतः तयार करतात आणि पॅकेज बांधून वाटतात. डेबियनची सुरुवात १९९३ मध्ये झाली. आपल्याकडे सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, त्यामुळे तेथील निर्णयांचे पडसाद भारतातील सरकारी कार्यालयांपर्यंत आणि शाळांपर्यंत पोचतात.

मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणावे याची मार्गदर्शक तत्त्वे डेबियनने १९९७ मध्ये स्वीकारली. त्यांतील दुसरे तत्त्व असे, की आज्ञावलीबरोबर तिचा सोर्स कोड असलाच पाहिजे. आता सोर्स कोड कशाला म्हणायचे? जीएनयूच्या सार्वजनिक परवान्याने याची जी व्याख्या केली आहे ती फार मार्मिक आहे: बदल करण्यासाठी ज्या रूपाला पसंती दिली जाते ते रूप म्हणजे सोर्स कोड. जेक्वेरीत सुधारणा करायची तर तिचे लेखक ८७ किलोबाइटच्या गाठोड्यात हात घालत नाहीत. एवढेच काय, वाचता येणारी २८५ किलोबाइटची फाइलही ते हाताने बदलत नाहीत. ते लहान लहान फाइलींत काम करतात आणि त्या जोडून ही मोठी फाइल तयार होते. म्हणजे ‘वाचता येते’ आणि ‘मूळ आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जेक्वेरीसारखी बहुतेक साधने एमआयटी नावाच्या सैल परवान्याखाली येतात. तो परवाना सोर्स कोड देण्याची सक्ती करत नाही. लेखकाच्या हक्काची सूचना तेवढी कायम ठेवा, असे सांगतो. तेव्हा आक्रसलेली फाइल वाटणे बेकायदा आहे असे नव्हे. डेबियनने ही अट स्वतःवर घालून घेतली आहे, आणि तिचे मोल त्यामुळे वाढते. फेडोराचा नियम आणखी नेमका आहे: जावास्क्रिप्ट आक्रसलेल्या रूपात द्यायचे असेल, तर आक्रसण्याचे काम पॅकेज तयार होतानाच झाले पाहिजे.

नियम पाळण्याच्या पळवाटा

नियम उत्तम आहे. पण एखाद्या आज्ञावलीच्या पोतडीत आक्रसलेली जावास्क्रिप्ट फाइल आढळली, की व्यवहारात काय होते?

पहिली पळवाट म्हणजे आक्रसलेली फाइल ‘सुशोभित’ करून देणे. यासाठी तयार साधने आहेत. ती ओळी तोडतात आणि समास सोडतात. पण गेलेली नावे आणि टिपा त्यांना परत आणता येत नाहीत. भाकरीचे तुकडे ताटात कितीही नीट मांडले, तरी त्यांचे पीठ होत नाही. ही पळवाट सहसा पकडली जाते.

दुसरी पळवाट अधिक सभ्य आहे, म्हणूनच ती अधिक घातक आहे. डेबियनमध्ये पॅकेज तपासणारे ‘लिंटियन’ नावाचे साधन आहे. ओळींच्या अवास्तव लांबीवरून ते आक्रसलेली फाइल ओळखते आणि ‘सोर्स आढळत नाही’ अशी तक्रार करते. तक्रार मिटवण्याची रूढ रीत अशी: त्या फाइलीची वाचनीय प्रत मिळवायची आणि ‘हरवलेले सोर्स’ अशा अर्थाच्या नावाच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवून द्यायची. नाव जुळले की लिंटियनचे समाधान होते. शेजारी ठेवलेल्या प्रतीपासूनच ही आक्रसलेली फाइल तयार झाली आहे काय, हा प्रश्न ते विचारत नाही. विचारणे त्याच्या आवाक्यातही नाही. डेबियनमध्ये दक्ष माणसे पुष्कळ आहेत. त्यांतील अनेकजण आक्रसलेली फाइल काढून टाकून ती नव्याने तयार करतात. पण केवळ प्रत ठेवून देणाऱ्यालाही यंत्राकडून तोच हिरवा कंदील मिळतो, ही या व्यवस्थेतील उणीव आहे.

प्रयोगवहीत हा प्रकार आपण दरवर्षी पाहतो. विद्यार्थ्याला माहीत असते, की गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवे. तो उत्तर आधी लिहितो आणि त्याला साजेशी निरीक्षणे नंतर भरतो. वहीत निरीक्षणे असतात, उत्तरही असते, दोन्ही शेजारी शेजारी असतात. पण एकातून दुसरे निघालेले नसते. अनुभवी शिक्षक अशा वेळी वही मिटतो आणि विद्यार्थ्याला लंबक हातात घ्यायला सांगतो.

प्रत स्वच्छ, माल विषारी

ही शंका तात्त्विक नाही. २०१८ मध्ये नेमके हेच घडले. जावास्क्रिप्टच्या जगात ‘इव्हेंट-स्ट्रीम’ नावाचे एक छोटे साधन आठवड्याला लाखो वेळा उतरवून घेतले जात असे. त्याच्या मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी व्यक्तीने मदतीची तयारी दाखवली आणि देखभालीचे अधिकार तिच्याकडे गेले. सप्टेंबरमध्ये त्या व्यक्तीने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचे दुसरे छोटे साधन त्याला जोडले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला या दुसऱ्या साधनाची ०.१.१ ही आवृत्ती आली.

या आवृत्तीची वाचनीय फाइल निर्दोष होती. गिटहबवर जाहीर ठेवलेला सोर्स कोडही निर्दोष होता. फरक होता तो फक्त आक्रसलेल्या फाइलीत, आणि साधन प्रत्यक्षात चालायचे ते त्या फाइलीवरून. तिच्या शेवटी जोडलेल्या तुकड्यात एक कूटबद्ध मजकूर उलगडण्याची सोय होती. किल्ली म्हणून तो तुकडा, ज्या प्रकल्पात आपण बसलो आहोत त्या प्रकल्पाच्या वर्णनाचे वाक्य वापरायचा. त्यामुळे इतर सगळीकडे तो निद्रिस्त राहिला आणि ‘कोपे’ या बिटकॉइनच्या पाकिटातच जागा झाला. मोठ्या रकमा असलेल्या पाकिटांच्या गुप्त किल्ल्या चोरणे हा त्याचा हेतू होता. नोव्हेंबरमध्ये तो उघडकीस आला, तोही एका कालबाह्य सुविधेचा वापर होत असल्याची सूचना पडद्यावर उमटू लागली म्हणून.

आता आपल्या दोन पद्धती या प्रसंगाला लावून पाहू. कोणी शेजारी वाचनीय प्रत ठेवून तपासणी उरकली असती, तर सारे काही नियमानुसार दिसले असते: प्रत आहे, नाव जुळते, मजकूर स्वच्छ आहे. उलट आलेली आक्रसलेली फाइल फेकून देऊन जाहीर सोर्स कोडपासून नवी तयार केली असती, तर तो तुकडा पॅकेजमध्ये आलाच नसता. तो कोणी शोधून काढायचीही गरज पडली नसती. पुन्हा तयार करण्याची ताकद यात आहे: विष ओळखता आले नाही, तरी ते बाहेर राहते.

प्रामाणिक आक्रसण्यातही चूक होते

कोणी म्हणेल, चोर विरळा. सर्वसाधारण प्रकल्पात वाचनीय व आक्रसलेली फाइल एकच असते. तेही गृहीत धरता येत नाही. अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्रात डी मॉर्गनचे नियम शिकवले जातात: ‘अ नाही आणि ब नाही’ हे ‘अ किंवा ब, असे नाही’ याच्याशी सममूल्य आहे. दोन नकारांच्या जागी एक नकार बसला की एक अक्षर वाचते, म्हणून मिनिफायर हा नियम वापरतात. पण जावास्क्रिप्टमध्ये ‘आणि’, ‘किंवा’ या क्रियांचे फलित सत्य-असत्यच असते असे नाही. ते संख्या किंवा अक्षरमालाही असू शकते. तेथे नियम डोळे झाकून लावला तर अर्थ बदलतो. अग्लिफायच्या एका आवृत्तीत अशी चूक होती. सुरक्षा-अभियंता यान झू यांनी २०१५ मध्ये तिचा उपयोग करून दाखवला: जेक्वेरीच्या सोर्स कोडमध्ये वाचताना निरुपद्रवी वाटणारा बदल केला आणि आक्रसल्यावर त्यातूनच चोरदरवाजा तयार झाला. सोर्स कोड कितीही बारकाईने वाचला असता, तरी त्यात दोष सापडला नसता. म्हणून आक्रसणारे साधन कोणते आणि कोणत्या आवृत्तीचे, हेही ठाऊक हवे, आणि ते साधनही सोर्स कोडपासून तयार केलेले हवे.

दुसरी बाजू

पॅकेज बांधणाऱ्यांची अडचण मात्र समजून घेतली पाहिजे. यांतील बहुतेकजण स्वयंसेवक आहेत. एक छोटी फाइल पुन्हा तयार करायची तर जोडणारे, भाषांतर करणारे, आक्रसणारे अशी अनेक साधने लागतात. प्रत्येकाला आणखी दहा, आणि त्यांतल्या प्रत्येकाला आणखी काही. डेबियनच्या नियमाप्रमाणे पॅकेज तयार होत असताना जाळ्यावरून काहीही उतरवून घेता येत नाही. म्हणजे ही सगळी साधने आधी डेबियनमध्ये आणावी लागतात. काही साधनांची तर गंमत अशी, की ती स्वतःच्याच भाषेत लिहिलेली आहेत. ती तयार करायला तीच आधी लागतात. साधनांचे परवानेही आड येतात. डग्लस क्रॉकफर्ड यांच्या ‘जेएसमिन’ या जुन्या साधनाच्या परवान्यात ते चांगल्या कामासाठी वापरावे, वाईट कामासाठी वापरू नये, अशी अट होती. हेतू उदात्त, पण वापराच्या हेतूवर बंधन घालणारा परवाना डेबियनच्या व्याख्येत मुक्त ठरत नाही, म्हणून ते साधन बाद. अनेक फाइली जोडून केलेली जावास्क्रिप्ट फाइल सोर्स मानावी काय, हा वाद २०१६ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपुढेही नेण्यात आला होता.

यावर एक साधा मार्ग बऱ्याच ठिकाणी उपलब्ध असतो, आणि तो पुरेसा वापरला जात नाही असे मला वाटते. आक्रसता येत नसेल तर आक्रसू नये. वाचनीय फाइलच पॅकेजमध्ये घालावी आणि तीच चालवावी. २८५ किलोबाइट म्हणजे आजच्या संगणकाच्या डिस्कवर नगण्य जागा. शाळेच्या स्थानिक जाळ्यावर तर हा फरक जाणवणारही नाही. त्यामुळे जे वाचायचे तेच चालेल आणि शंकेला जागा उरणार नाही. वाचनीय फाइलही जोडून तयार झालेली असेल तर प्रश्न पुरता सुटत नाही, पण आक्रसण्याच्या पायरीवरची शंका मिटते.

पुन्हा तयार करणे हा रामबाण उपाय आहे, असाही दावा करू नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या दाबणी-साधनात चोरदरवाजा सापडला, तेव्हा वितरकांनी ते सोर्स कोडपासूनच तयार केले होते. मात्र त्यांनी घेतलेल्या अधिकृत गाठोड्यात एक अशी फाइल होती, जी सार्वजनिक सोर्स-भांडारात त्या रूपात नव्हती. आणि उरलेले विष चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, वाचता न येणाऱ्या फाइलींत होते. ते डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत पोचले. स्थिर आवृत्तीत येण्याआधी पकडले गेले. एका अभियंत्याला दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले, म्हणून हे घडले. यातून नियम निरर्थक ठरत नाही. ‘सोर्स’ म्हणून जे हाती येते त्यालाही ‘हे कशापासून तयार झाले?’ हाच प्रश्न विचारावा लागतो, एवढे यातून कळते. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात या प्रश्नाची साखळी थेट भाषांतरक आज्ञावलीपर्यंत नेऊन दाखवली होती.

वर्गात करून पाहण्याजोगे

डेबियन आणि तिच्यासारख्या संस्थांनी आपला नियम सैल करू नये. उलट एका पायरीने पुढे न्यावा. शेजारी ठेवलेली प्रत हा पुरावा मानू नये. बाहेरून आलेली आक्रसलेली फाइल आधी काढून टाकावी आणि मगच पॅकेज तयार करायला घ्यावे. ते झाले तर सोर्स खरा; नाही झाले तर उणीव कोठे आहे ते तेव्हाच कळेल.

ज्यांच्या शाळेत संगणक आहेत त्यांना हे दोन तासिकांत दाखवता येईल. लंबकाचा आवर्तकाल काढणारी दहा ओळींची जावास्क्रिप्ट आज्ञावली शिक्षकाने लिहावी. तिच्या प्रतीत गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी ९.६ करून ती आक्रसावी. मग मूळ वाचनीय फाइल आणि ही आक्रसलेली फाइल विद्यार्थ्यांच्या हाती देऊन ‘पहिली हा दुसरीचा सोर्स आहे’ असे सांगावे. एका गटाने वाचनीय फाइल वाचून तपासावी. दुसऱ्या गटाने ती त्याच साधनाने स्वतः आक्रसावी आणि आलेले रूप दिलेल्या रूपाशी ताडून पाहावे. पहिला गट सूत्र, एकके, दशांश चिन्हे सारे तपासून आज्ञावली बरोबर असल्याचा निर्वाळा देईल, आणि त्याने वाचलेल्या फाइलीपुरता तो खराही असेल. चूक सापडेल ती दुसऱ्या गटाला.